चौथा उंबरा

सिनेमा संपायच्या आत उठून जाणाऱ्या माणसाचा मला अतोनात राग येतो. पंगतीत ताकभात वाढायच्या आधीच कुणी पानावरून उठावं, तसा तो प्रकार वाटतो. मी हंबीरराव, चंद्रविलास टॉकीजचा मॅनेजर. टॉकीज माझ्या मालकीचं नाही, खुर्च्या माझ्या नाहीत, पडदाही माझा नाही. पण पडद्यावर जे हलतं-बोलतं त्याचा अपमान झाला की तो माझाच झाला, असं मी धरून चालतो. आमची मंडळी म्हणतात, "राग तुमच्या नाकाच्या शेंड्यावर बसल्याला असतोय. त्येला बी एक तिकीट फाडा."

एके साली आमच्याकडे 'चार उंबरे' लागला होता. कोल्हापुरातच तयार झालेला आणि कोल्हापुरातल्याच लेखकाचा. नृसिंहपंत कुरुंदवाडकर हायस्कुलात मराठी शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कथा लिहायचे. त्यांच्या चार निरनिराळ्या कथा घेऊन कंपनीनं एकच चित्रपट काढला. प्रत्येक कथेच्या आधी पडद्यावर एका घराचा उंबरा दिसायचा, त्यावर रांगोळी, आणि वर अक्षरं यायची, 'पहिला उंबरा', 'दुसरा उंबरा' अशी. एक गोष्ट संपली की तिच्यातली माणसं कायमची गेली. पुढच्या गोष्टीत नवं घर, नवी माणसं.

हे आमच्या पब्लिकच्या पचनी पडायला जरा वेळ लागला. पहिल्या गोष्टीत एक पैलवान होता. बायको माहेरी गेल्यावर म्हैस दुधाला उभी राहीना, म्हणून हा गडी बायकोचं लुगडं नेसून धार काढायला बसतो, अशी ती गोष्ट. थेटर हसून लोळायचं. मग दुसरा उंबरा यायचा, त्यात एक शाळामास्तर, आणि लोक मास्तरला बघायचं सोडून पैलवानाची वाट बघत बसायचे. "पैलवान कुठं गेला?" म्हणून पुढच्या स्वस्त पिटातून आरोळ्या. शाहूवाडीकडचे एक फेटेवाले तर मध्यंतरात थेट माझ्या ऑफिसात शिरले.

"म्यानेजर, तुमच्या माणसानं दुसऱ्याच पिक्चरची रिळं घातल्यात."

"न्हाई पावणं. चार गोष्टी हायत. एका तिकिटात चार."

त्यांनी छताकडे बघून हिशेब केला. "आसं व्हय? मग ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात गावाकडची बैलगाडीभर माणसं घेऊन तेच परत आले. एका तिकिटात चार पिक्चर, ही बातमी कोल्हापुरात पसरायला काय दवंडी लागते? पिट भरायला लागला, बायकांची बाजू भरायला लागली. मी खूश, मालक खूश, बाहेर भडंग विकणारा सगळ्यांहून खूश.

नृसिंहपंत मात्र खूश नव्हते. त्यांचा जीव चौथ्या उंबऱ्यात अडकला होता.

चारही गोष्टींचा क्रम त्यांनी स्वतः लावलेला. पहिली हसवणारी, शेवटची रडवणारी. "माणसानं हसत आत यावं आणि डोळे पुसत बाहेर पडावं," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना स्वतःचेच डोळे पुसायचे. चौथी गोष्ट होती हुपरीची. हुपरीत घरोघर चांदीचे पैंजण घडवतात, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक. तिथला एक म्हातारा कारागीर जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींसाठी पैंजण घडवतो, पण स्वतःच्या लेकीला एक जोड देणं काही त्याच्याच्यानं होत नाही. शेवटी एकदाचा तो तिच्यासाठी जोड घडवायला बसतो आणि शेवटची कडी जोडायच्या आत, तोंडाशी फुंकणी असतानाच मरतो. त्या शेवटाला एक शब्द नाही, रडणं नाही, गाणं नाही. नुसती दिव्याची ज्योत विझताना दिसते. खरं सांगतो, मी रोज बघायचो आणि रोज दिवे लागायच्या आत सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायचो.

पण त्या गोष्टीच्या मध्यावर एक घोळ होता.

कंपनीनं ती गोष्ट हुपरीत जाऊन, एका खऱ्या कारागिराच्या सोप्यात घेतलेली. पुण्याहून आणलेला नट पुढं, आणि मागं खरे कारागीर आपापलं काम करत बसलेले. लेकीला सासरी जाच होतोय, असा निरोप म्हाताऱ्याला येतो. नट मान खाली घालतो. सगळं थेटर श्वास धरून बसलेलं असतं. आणि नेमका त्याच वेळी मागे बसलेला एक सावळा, भरघोस मिशांचा कारागीर फुंकणी बाजूला धरतो, मान वर करतो आणि सरळ आपल्याकडं बघून हसतो. चांगलं तोंडभर हसतो. मग पुन्हा मान खाली, पुन्हा काम.

पब्लिकला तेवढं पुरे. "आरं, त्यो बघ हसतोय!" "म्हाताऱ्याची जिरली म्हून हसतोय रं!" रडायला आलेलं थेटर हसून मोकळं व्हायचं, आणि पुढं मग म्हातारा मेला तरी कुणाला पुरतं रडू यायचं नाही.

नृसिंहपंतांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दिग्दर्शकाकडं गेले, तर तो म्हणाला, त्या तुकड्यात उजेड फार सुरेख पडलाय, म्हणून ठेवलं. निर्मात्याकडं गेले, तर त्यानं हात झटकले, "तुमच्या गावची प्रिंट आहे, तिथं तेवढं कापून टाका, माझी ना नाही." मग माझ्याकडं आले.

"हंबीरराव, दीड वर्ष ही कथा मी लिहीत होतो. एकेक शब्द तोलून. आणि तो कोण ऐरागैरा कॅमेऱ्यात बघून दात काढतो? कथेतल्या माणसानं कथेबाहेर बघायचं नसतं! तो तुकडा मला शुक्रवारपासून दिसता कामा नये."

मला त्यांचं पटलं. हसायच्या जागी हसावं, रडायच्या जागी रडावं, या मताचा मीही आहे. मी लगेच वर मशीनच्या खोलीत जाऊन कुतुबुद्दीनला सांगितलं. कुतुबुद्दीन आमचा ऑपरेटर. त्याचा बापही मशीनवरच होता, मुक्या सिनेमाच्या काळात. माझ्याशी बोलताना तो माझ्याकडं कधी बघत नाही, मशीनकडं बघतो.

"हंबीरराव, ही फिल्म हाय, लुगडं न्हवं. कापली की कापली. मागनं टाका घालता येत न्हाई."

"पंतांचा हुकूम हाय."

"त्यो बिचारा हसतोय तर हसू द्या की. रडणारी काय कमी हायत गावात?"

"शुक्रवारी नव्या आठवड्याला कापायचं. कळलं?"

"कळलं," तो मशीनला म्हणाला.

आता त्या बाईचं सांगतो. आमच्याकडं बायकांची बाजू वेगळी, तिचं दार वेगळं, आणि त्या दारावर शालूबाई. तिकिटं फाडणं, रडणारी पोरं आयांसकट बाहेर काढणं आणि कोल्हापुरातल्या प्रत्येक घरात काय शिजतंय त्याची खबर ठेवणं, ही तिन्ही कामं शालूबाई एकाच पगारात करायची. तर दर गुरुवारी तीनच्या खेळाला एक किडकिडीत बाई यायची. कपाळ मोकळं, काखेत रिकामं गाठोडं. कडेची खुर्ची धरून बसायची. पहिल्या गोष्टीला सगळ्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या, ही नुसती बघायची. तिसरी गोष्ट संपून पडद्यावर चौथा उंबरा दिसला रे दिसला, की ही उठली आणि चालती झाली!

एकदा झालं, मी सोडून दिलं. पुन्हा झालं, मी दातओठ खाल्ले. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणावं, तर इथं शेपटातच सगळा हत्ती होता. त्या गुरुवारी मात्र मी शालूबाईच्या शेजारी हाताची घडी घालून उभाच राहिलो. तिसरी गोष्ट संपली. बाई आली.

"काय ओ बाई, पिक्चर आवडत न्हाई काय तुमास्नी?"

"आवडतोय की."

"मग उठता कशाला? खरी गोष्ट तर आता लागतीया."

"म्हाईत हाय. सरा बाजूला, गाडी जाईल माझी."

"मग येऊ नका की! आर्धं टाकून जायाचं, ही काय बघायची रीत झाली?"

"हंबीरराव, हळू," शालूबाई पुटपुटली. पण माझा हळू आवाज म्हणजे दुसऱ्याचा मोठा आवाज. आतल्या बायका वळून बघायला लागल्या. ती बाई बावरली नाही. माझ्या तोंडाकडं सरळ बघत म्हणाली, "हुपरीची शेवटची गाडी पावणेसहाला सुटती. तुमची गोष्ट लागती साडेपाचला. त्या गोष्टीत आमचं मालक हायती. त्यास्नी बघाय येतो मी. दर खेपी वाटतंय, आज तरी गोष्ट लवकर लागंल."

"मग मालकास्नी घिऊन या की सहाच्या खेळाला. एक रात ऱ्हावा कोल्लापुरात, दोघं बी बघा."

"न्हाईत ते. दिवाळीच्या तोंडाला गेलं."

एवढं बोलून ती माझ्या बाजूनं निघून गेली. रस्त्यावर आल्यावर पळायलाच लागली. मी दारात तसाच उभा. राग नाकावरून उतरून कुठं गेला कोण जाणे; स्वतःच्या थोबाडीत एक ठेवून द्यावी असं वाटलं, आणि शालूबाईच्या चेहऱ्यावरून तिलाही तेच वाटत असावं.

"चिमणाबाई नाव तिचं," शालूबाई म्हणाली. "गुजरीत सराफाकडं माल पोचवाय येती. त्यो मागं बसून हसतोय न्हवं का मिशीवाला, त्यो तिचा दादला. आयुष्यात एक फोटू काढला न्हाई त्या माणसानं. त्येला बघायचं तर ह्यो एकच पिक्चर."

"तू आदी का बोलली न्हाईस?"

"तुमी इच्यारलं व्हय? आन् तिनं तरी आदी कुठं सांगितलं? मलाच ह्या खेपी पान खाता खाता कळलं. नवऱ्याला बघाय थेटरात जातो म्हणून गावात सांगायची लाज वाटती तिला." मग शालूबाईनं विचारलं, "तेवढंच कापायचं हाय न्हवं का उद्या?"

उद्या शुक्रवार.

जिने चढताना मला धाप लागते, पण त्या दिवशी मी मशीनच्या खोलीत कधी पोचलो ते मलाच कळलं नाही. "कुतुबुद्दीन, कात्री ठेवा खाली!"

"मी कुठं उचललीया?" तो मशीनला म्हणाला.

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच एकदा त्यानं चक्क माझ्याकडं बघितलं. कापायचं नाही, हे ठरलं. पण नुसतं न कापून काय उपयोग? गोष्ट साडेपाचला, गाडी पावणेसहाला. चिमणाबाईला आमच्या घरी मुक्काम करा म्हणावं, तर हुपरीच्या घरात तिची आंधळी सासू, तिला रोज संध्याकाळी हिनंच भरवायचं. दुपारी तिच्यापुरतं रीळ लावावं, तर टॉकीजच्या मालकांच्या परवानगीशिवाय अवेळी मशीन चालवायचं नाही आणि मालक मुंबईला. शिवाय एकट्या विधवा बाईला रिकाम्या थेटरात बसवायचं, म्हणजे गाव काय काय जोडील ते वेगळंच.

"त्यात काय हाय?" कुतुबुद्दीन म्हणाला. "चार गोष्टी, चारींची रिळं सुटी. चौथी गोष्ट पहिली लावू. पैलवान काय पळून जातोय व्हय?"

दुसऱ्या कुठल्या सिनेमाला हे करता आलं नसतं. नायिका आधी म्हातारी आणि मग तरुण, असा घोटाळा झाला असता. या सिनेमाला मात्र बारा वाटा मोकळ्या होत्या. अडचण एकच, नृसिंहपंत. क्रमाला हात लावणं म्हणजे त्यांच्या देवघरातला देव हलवणं.

माणसानं सरळ जाऊन सांगावं, म्हणून मी रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेलो. "पंत, त्या तुकड्याचं जरा..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"कापला ना? उत्तम! पण हंबीरराव, आता माझ्या कानावर येतंय की मिरजेला एका महाभागानं माझ्या गोष्टी वर-खाली करून दाखवल्या. लोक हसत बाहेर पडावेत म्हणून! तुमच्याकडं असलं काही झालं, तर तुमच्या दारात उपोषणाला बसेन. गुरुवारी रजा काढून स्वतः येतोय बघायला."

पुढं त्यांनी मला क्रम या विषयावर बरंच ऐकवलं. चहा छान होता. मी मूग गिळून चहा प्यायलो आणि घरी आलो. वाटेत मी मनाशी म्हणालो, हंबीरराव, उपोषणाला बसलेला लेखक उठवता येतो, लिंबू-सरबत देऊन. पण ती बाई पुन्हा एकदा रिकामी गेली, तर ते कशानं भरून काढणार?

गुरुवार उजाडला. माझ्या ओरड्यानंतर चिमणाबाई येणार का, हीच धाकधूक होती. शालूबाईनं गुजरीत निरोप ठेवला होता, की या खेपी गोष्ट लवकर लागणार आहे. तीन वाजत आले तरी पत्ता नाही. घंटा झाली, दिवे मंदावले, आणि ती आली. माझ्याकडं बघितलंही नाही. कडेची खुर्ची धरून बसली.

सरकारी बातमीपट संपला आणि पडद्यावर अक्षरं आली, 'चौथा उंबरा'. मग जो काय गोंधळ झाला!

"आदीचं तीन कुठं गेलं?"

"लुटलं रं! आर्ध्या तिकिटाचं पैसं द्या!"

मला पडद्यापुढं जाऊन उभं राहावं लागलं. म्हाताऱ्याचं घर माझ्या सदऱ्यावर दिसत असणार. "पावणं, वराडू नका! चारी मिळणार. आज फकस्त पंगत उलटी वाढलीया!"

"मग पयला पानाचा इडा द्या!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले आणि गप्प बसले. आमचं पब्लिक असं आहे. त्याला एकदा हसवलं, की ते काय वाटेल ते चालवून घेतं.

मी बाहेर आलो तर बाल्कनीच्या जिन्यावरून नृसिंहपंत खाली येत होते. येत होते म्हणजे कोसळत होते. धोतराचा सोगा हातात, चष्मा नाकाच्या टोकावर.

"हंबीरराव! हा विश्वासघात आहे! पहिल्यांदा चौथा उंबरा? गणिताच्या पुस्तकात उत्तरं आधी छापतात का? आणि तो तुकडा? तो तरी कापलाय की तोही तसाच ठेवलाय?"

"तसाच हाय."

त्यांना शब्दच सुचेना. लेखकाला शब्द सुचेनासा करणं हा माझा पहिला आणि शेवटचा पराक्रम. मी त्यांचा दंड धरला. "पंत, काय बोलायचं ते बोला, मी मान खाली घालून ऐकीन. पण थोड्या वेळानं. आदी माझ्यासंगं या." आणि त्यांना तसाच ओढत बायकांच्या दाराशी, दाराच्या पडद्यामागं नेऊन उभं केलं. आतल्या बाजूला बोट दाखवलं.

"ती कडेची बाई. तुमचा तो ऐरागैरा हसणारा, त्यो तिचा मालक. दिवाळीत वारला. घरात फोटूसुद्दा न्हाई. शेवटच्या गाडीपायी तिला तुमचा चौथा उंबरा कधी बघायलाच मिळाला न्हाई."

नृसिंहपंतांनी नाकाच्या टोकावरचा चष्मा वर सारला.

पडद्यावर निरोप आला. नटानं मान खाली घातली. चिमणाबाई पुढं सरकून खुर्चीच्या कडेवर आली होती, पुढच्या खुर्चीची पाठ तिनं दोन्ही हातांनी धरलेली. मागच्या कारागिरानं फुंकणी बाजूला केली, मान वर केली आणि तोंडभर हसला. पिटातून नेहमीचा हशा उठला. आणि त्या हशावरून, आपल्या घरच्या सोप्यात बोलावं अशा खणखणीत आवाजात चिमणाबाई म्हणाली,

"हसताय काय? खाली बघा, हात भाजंल!"

हशा जागच्या जागी थांबला. आणि पडद्यावरच्या माणसानं मान खाली घातली. तो रोजच घालायचा, मी किती वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशी ती त्यानं तिनं सांगितलं म्हणूनच घातली. मी शपथेवर सांगीन, सगळ्या थेटराला तसंच वाटलं.  माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. अंधाराचा हा एक फायदा असतो.

नृसिंहपंत दाराचा पडदा मुठीत धरून उभे होते. गोष्ट पुढं गेली, म्हातारा जोड घडवायला बसला, ज्योत विझली. पहिल्यांदाच त्या शेवटाला थेटर जसं रडायला हवं तसं रडलं. पंतांचं तिकडं लक्षही नव्हतं.

पहिला उंबरा लागला तशी चिमणाबाई उठून बाहेर आली. बाहेर लख्ख ऊन होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"गोष्ट लवकर लावली तुमी."

"बाकीच्या तीन बघा की बसून. आज गाडीला वेळ हाय."

"त्या पाठ झाल्या की," ती म्हणाली, आणि मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

शालूबाईला राहवलं नाही. तिनं पंतांकडं बोट केलं. "ह्येंनी लिवलीया बरं का ती गोष्ट."

चिमणाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. नृसिंहपंत पुढं झाले. वर्गात पोरांवर गरजणारा माणूस, पण आवाज असा निघाला की जणू तेच परीक्षेला बसलेत.

"तुमच्या यजमानांना... त्यांना कुणी सांगितलं नव्हतं का, कॅमेऱ्यात बघायचं नसतं म्हणून?"

"क्यामेऱ्यात कुठं बघितलं त्येंनी? समद्यास्नी ताकीत दिल्ती की. मी भाकरी घिऊन आल्तो. बघ्यांची ही गर्दी, म्होरं जाता येईना. मग मागनंच हात वर केला, जेवान आणलंय म्हनून. तवा माझ्याकडं बघून हसलं ते."

 पंत माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "तो तुकडा राहू द्या, हंबीरराव. कुणी कापा म्हणालं तर माझं नाव सांगा."

"एक इच्यारू का?" चिमणाबाई त्यांना म्हणाली. "त्या म्हाताऱ्याचं म्होरं काय झालं?"

"म्हणजे? तुम्ही आत्ताच तर पाहिलंत."

"न्हाई. ह्यास्नी बघितलं आन् डोळं मिटून बसलो. दुसरं काय बघितलं तर ह्येंचं तोंड पुसून जाईल वाटलं. लेकीचा जोड झाला का त्याचा?"

 हा माणूस स्वतःच्या कथेतला स्वल्पविराम हलवू न देणारा. दीड वर्ष एकेक शब्द तोलणारा. नृसिंहपंतांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"झाला तर," ते म्हणाले. "दिवाळीला लेक माहेरी येते. म्हातारा स्वतःच्या हातानं तिच्या पायांत जोड घालतो. ती घरभर फिरते. तो नुसता आवाज ऐकत बसतो."

"आन् मग?"

"मग काय? पुन्हा दिवा लावतो आणि कामाला बसतो. कारागीर माणूस, स्वस्थ बसून कसं चालेल?"

मी शालूबाईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघांनीही तो सिनेमा रोज पाहिलेला, पण त्या वेळी कुणी आम्हाला विचारलं असतं, तर आम्हीही हाच शेवट सांगितला असता.

"बरं झालं," चिमणाबाई म्हणाली. "मला आपलं वाटत हुतं, ह्यात बी जातोय का काय."

तिनं गाठोडं काखेत मारलं आणि स्टँडच्या वाटेला लागली. गाडीला अजून पुष्कळ वेळ होता, ती सावकाश चालत गेली.